पाहुणा आपल्या घरात घसरून पडला तर काय करावं?

गौरी-गणपतीत साताऱ्यात पावसाची रिपरिप चालूच असते. अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरलेलं, जुन्या वाड्याच्या जिन्यावरचा बल्ब गेलेला, आणि त्यातच हळदीकुंकवाला आलेल्या काकू घसरतात. "उठा, उठा" म्हणत चौघी त्यांना ओढून उभं करतात. नेमकं हेच करू नका. खुब्यात, पाठीत किंवा मानेत दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल, तर आहे तिथेच पडू द्या आणि १०८ला फोन करा. चोळायचं नाही. घरातलं एक माणूस दवाखान्यापर्यंत सोबत गेलंच पाहिजे. बरेचसे दावे पैशापेक्षा "साधी विचारपूससुद्धा केली नाही" या रागातून उभे राहतात, असं माझं मत आहे.

फरशी घासून काढायची घाई होते, पण आधी फोटो काढा: फरशी, उजेड, पायरी, पायातली चप्पल. कोणी पाहिलं, त्यांची नावं लिहून ठेवा. मगच दुरुस्ती. दवाखान्याचं बिल तुम्ही भरलंत तर पावती जपा.

आता जबाबदारीचं. घरात पडलेल्या पाहुण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. न्यायालय निष्काळजीपणा पाहतं. धोका तुम्हाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? तो दूर केलात का, निदान "जपून या, तिथं निसरडं आहे" असं सांगितलंत का? आठवडाभर बल्ब गेलेला असून पाहुण्यांना त्याच जिन्याने वर पाठवलंत, तर बाजू लंगडी पडते. पाहुणाच मोबाइलमध्ये बघत उतरत होता, तर त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. घर भाड्याचं असेल तर दुरुस्ती कोणाकडे होती ते करारात पाहा.

पाचगणी-महाबळेश्वरकडे होमस्टे चालवणाऱ्यांचा हिशोब वेगळा. पैसे देऊन राहणारा पाहुणा ग्राहक ठरतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. फुकटच्या पाहुण्याला ही वाट नाही. त्याला दिवाणी दावा, त्याची मुदत साधारण ३ वर्षं.

घराचा विमा असेल तर पॉलिसीत तिऱ्हाइताच्या दुखापतीचं कव्हर आहे का ते बघा, आणि कंपनीला कळवल्याशिवाय कोणाला रक्कम कबूल करू नका. क्लेम अडतो.

तडजोड होत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दाव्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. आपसातच मिटवलंत तर कागदावर रक्कम, कोणत्या खर्चापोटी ती दिली आणि "यापुढे या घटनेबाबत मागणी राहणार नाही" हे वाक्य, खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. जखमीचे उपचार संपायच्या आत मात्र असा कागद करायची घाई कोणीच करू नये.