मल्टी-इफेक्ट प्रोसेसरवर पॅच बनवताना या चुका टाळा

रात्री हेडफोन लावून बनवलेला पॅच (गिटारच्या प्रोसेसरमध्ये साठवलेली इफेक्ट्सची जुळणी) तसाच स्टेजवर नेऊ नका. नवा प्रोसेसर घेतलेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, तरी दर गॅदरिंगच्या मोसमात तेच होतं.

आवाज हळू असला की आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, मिड (मधला पट्टा) त्या मानाने जास्त. फ्लेचर आणि मन्सन या बेल लॅबच्या संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले होते. म्हणून खोलीत आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली नेतो आणि खूश होतो. तोच पॅच मोठ्या आवाजात लागला की बेस फुगतो, ट्रेबल टोचतं, आणि गिटारचा जीव ज्या मिडमध्ये असतो तिथे काहीच उरत नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाच्या लीडच्या (सोलोच्या) पॅचमध्ये गेन (आवाज फाटवणारी पातळी) जवळजवळ पूर्ण, मिड शून्याला टेकलेला आणि वर भलामोठा हॉल रिव्हर्ब (सभागृहातल्यासारखं घुमणं). एकट्याने वाजवताना अंगावर काटा यायचा. साऊंडचेकला ड्रम आणि बेस सुरू झाले आणि गिटार गायब. "दादा, मला वाढवा ना!" तो साऊंडवाल्याला ओरडून सांगत होता. मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर गेला तसं सगळं घुमायला लागलं, गायिकेला स्वतःचा सूर ऐकू येईना. साऊंडवाल्याने फेडर खाली ओढला, आणि त्याचं बरोबरच होतं. मी पॅच उघडायला लावला. गेन निम्मा, मिड मध्याच्या वर, रिव्हर्ब जेमतेम, लो कट (खालचा आवाज गाळणारा फिल्टर) १०० हर्ट्झला. जाड ई तार ८२ हर्ट्झला बोलते हे खरं, पण तिथे बेस गिटार आणि किक ड्रम आधीच बसलेले असतात. नुसतं वाजवल्यावर आवाज कोरडा लागला, पोराचं तोंड उतरलं. बँड सुरू झाला तेव्हा मात्र एकेक नोट शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होती.

मी हेडफोनवर फक्त कच्चा पॅच बांधतो. मग प्रॅक्टिसच्या जागी मोठ्या स्पीकरवर, ड्रमच्या बरोबरीच्या आवाजात गेन, मिड आणि लो कट पुन्हा ठरवतो. याला शॉर्टकट नाही.

दुसरी चूक कॅब (स्पीकरची पेटी) सिम्युलेशनची. गिटार अॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो, आणि प्रोसेसरमधला कॅबचा ब्लॉक किंवा आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाची फाइल) त्याचीच नक्कल करतो. थेट मिक्सरमध्ये जाताना कॅब बंद राहिला तर डिस्टॉर्शन करकरतं. उलट, खऱ्या अॅम्पमध्ये जाताना कॅब चालू राहिला तर दोन स्पीकर एकावर एक चढतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. अॅम्पच्या पुढच्या इनपुटला लावलंत तर अॅम्प मॉडेल (प्रोसेसरमधली अॅम्पची नक्कल) आणि कॅब दोन्ही बंद ठेवा; इफेक्ट्स रिटर्नला (अॅम्पचा सुरुवातीचा टप्पा टाळणारं इनपुट) लावलंत तर मॉडेल राहू द्या, फक्त कॅब काढा. बॉस कंपनीच्या जीटी-१ या प्रोसेसरमध्ये आउटपुट सिलेक्ट नावाची सेटिंग याचसाठी आहे. मॅन्युअल न वाचता "युनिटच भिकार" म्हणणाऱ्यांनी ती एकदा उघडून पाहावी.

बाकीच्या चुका थोडक्यात. बदल केला की लगेच सेव्ह करा, पॅच बदलला की सेव्ह न केलेलं उडतं. डाउनलोड केलेले पॅच दुसऱ्याच्या गिटारवर बनलेले असतात. हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) बांधलेला पॅच सिंगल कॉइल पिकअपवर पातळ लागणारच, तेव्हा गेन स्वतः लावा. सगळ्या पॅचचे आवाज एकमेकांशी जुळवा. लीड ३ डेसिबलने वर ठेवला तर पुरतो. गाण्याच्या मध्येच पॅच बदलून डिलेची शेपटी (विरत जाणारा प्रतिध्वनी) तुटत असेल तर स्नॅपशॉट (एकाच पॅचमधल्या साठवलेल्या वेगवेगळ्या सेटिंग्ज) वापरा. हेलिक्स फ्लोअर या प्रोसेसरमध्ये एका प्रीसेटमध्ये (पॅचमध्ये) ८ मिळतात. अडॅप्टर बदलताना व्होल्टेजसोबत पोलॅरिटीही बघा, जीटी-१ ला ९ व्होल्ट सेंटर निगेटिव्ह (मधली बाजू ऋण) लागतो.

फर्मवेअर (युनिटच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी सगळ्या पॅचचा बॅकअप लॅपटॉपवर घ्या, आणि कार्यक्रम तोंडावर असताना अपडेटला हातच लावू नका.