न फुटणारा पाट: श्रावणात करा, वैशाखात तपासा

माझा पहिला पाट आठ महिने टिकला. श्रावणात केला, त्यावर गणपती बसला, पाहुण्यांनी हात फिरवून कौतुक केलं, आणि एप्रिलात एका रात्री देवघरातून फाडकन आवाज आला. आई म्हणाली, मांजर असेल. सकाळी बघतो तर पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उललेला.

मी बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायची सवय. त्या सवयीनं पाटाखालच्या दोन्ही पट्ट्या मी फेविकॉल थापून, वर आठ-आठ स्क्रू आवळून अशा बसवल्या होत्या की मधे कागद शिरू नये. दर रविवारी शहापुरात आमच्या परसात चार हौशी सुतार जमतात, त्यांनी तो उललेला पाट हातोहात फिरवला. गणित शिकवणारे सर म्हणाले, "इंजिनाचा ब्लॉक म्हणून झकास आहे की!" बँकेतून निवृत्त झालेले काका नुसते हसले. मेस्त्री अण्णा मात्र हसले नाहीत. अण्णा आमच्यातले एकटेच खरे सुतार, घरी कन्नड, आमच्याशी मराठी. म्हणाले, "लोखंड न्हवं ते. पावसात फुगतंय, उन्हात आकसतंय. तू बांधून घातलास, मग ते काय करतंय? फुटतंय."

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही. हलतं ते रुंदीत. एक फूट रुंद सागाच्या फळीतली ओल ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेली, तर ती फळी सुमारे ३ मिलिमीटर रुंद होते. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते आणि मार्चमध्ये ओठ फुटतात, म्हणजे एवढा फरक दरवर्षी पडणारच. खालच्या पट्ट्या फळीच्या रुंदीत आडव्या असतात, त्यांच्या रेषा रुंदीच्या दिशेनं, म्हणून त्या तशाच राहतात. फळीला आकसायचंय आणि पट्टी सोडत नाही. पाट करताना बाकी सगळं चुकलं तरी चालेल, एवढं एक चुकवू नका.

फळी

आपला पाट १८ इंच लांब, १२ इंच रुंद, रंधून झाल्यावर ७ सूत जाड, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. साग उत्तम, फणसही तितकाच चांगला. फणसाचा पिवळा रंग दोन-तीन वर्षांत तपकिरी होतो, म्हणून आधीच नाक मुरडू नका. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला कीड लवकर लागते.

मी जुनं लाकूड घेतो. शहरात जुनी घरं उतरवतात, त्यांची दारं-तुळया विकणाऱ्यांकडे सागाची फळी मिळते आणि ती कित्येक उन्हाळे खाऊन शांत झालेली असते. फक्त चुंबक घेऊन जा. फळीवरून सावकाश फिरवा. आत मोडलेला खिळा असेल तर तो ओढला जातो. सरांनी हे केलं नाही. त्यांच्या रंध्याच्या पात्याला पडलेला खड्डा अजून दर रविवारी चर्चेला असतो.

नवं लाकूड घ्यायचं तर सॉ मिलमधून पावतीसकट घ्या. खानापूरकडून कोणी 'घरचंच झाड आहे' म्हणून परस्पर आणून देत असेल तर मोहात पडू नका. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. नवी फळी वाळलीय का, हे स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो. दर रविवारी वजन करून फळीवरच पेन्सिलीनं लिहा. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, की ती घरच्या हवेला रुळली. एक इंच जाडीला एक वर्ष असा अण्णांचा हिशेब आहे, आणि तो घाईच्या माणसाला कधीच पटत नाही.

आता फळीचं टोक बघा. तिथे झाडाच्या वलयांच्या कमानी दिसतात. गाभ्याची बाजू वर ठेवा, म्हणजे टोकावर कमानी वाटीसारख्या दिसल्या पाहिजेत. वाळताना ही वलयं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे पाट वाकलाच तर मधे किंचित फुगेल. उलट ठेवलात तर मधे खोलगट होईल आणि अभिषेकाचं पाणी तिथेच साचेल.

आधी पातं, मग रंधा

बोथट पात्यानं रंधा मारणं म्हणजे नुसता घाम. जाड काचेच्या तुकड्यावर पाणी टाकून वॉटर पेपर चिकटवा: ४००, ८००, मग २०००. पात्याची पाठ आधी सपाट करा, मग धार ३० अंशाच्या आसपास धरून घासा. धारेच्या मागच्या बाजूला बोटाला खरखरीत बर, म्हणजे पोलादाची वळलेली बारीक कड, लागली की ती बाजू झाली. पाठ परत दोन-चारदा घासून बर काढून टाका. हाताचे केस उडाले तर धार आली. रविवारी आमच्यातल्या कोणाचा डावा हात गुळगुळीत आहे ते बघून कोण काम करून आलाय हे कळतं.

रंधा रेषांच्या ओघानं मारा. उलट मारलात तर लाकूड उपटतं, खपल्या निघतात. मग फळी फिरवून घ्या. रंध्याच्या तोंडातून लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली पाहिजे. गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावून कडा तपासा. मी सुरुवातीला इथे व्हर्नियर काढायचो. काका म्हणायचे, "ते खिशात ठेव रे, लाकूड घाबरतंय."

पट्ट्या: सगळा खेळ इथे

दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी ११ इंच लांब, दीड इंच उंच, दीड इंच रुंद. याच पाटाचे पाय. फळीच्या दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच आत, आडव्या. डिंक अजिबात नाही, एक थेंबही नाही.

प्रत्येक पट्टीत तीन भोकं. खालच्या बाजूनं वॉशर बसेल एवढं रुंद भोक २० मिलिमीटर खोल पाडा, म्हणजे पट्टीची १८ मिलिमीटर जाडी उरते. मधल्या भोकात पुढे ४ मिलिमीटरचं साधं गोल भोक. दोन्ही कडांच्या भोकांत मात्र लांबट खाच: ४ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर लांब, पट्टीच्याच दिशेनं. दोन भोकं शेजारी-शेजारी पाडून मधलं बारीक कानशीनं साफ केलं की झाली खाच. पट्टीवर आडवी केलीत तर सगळी मेहनत वाया. सरांनी एकदा केली आहे. वॉशरचं रुंद भोकही त्या मानानं लांबवा, नाहीतर वॉशरच अडकून बसेल.

३५ मिलिमीटरचे पितळी स्क्रू घ्या, म्हणजे वॉशरची जाडी सोडून फळीत १६ मिलिमीटर शिरतील आणि वर निघणार नाहीत. फळीत स्क्रूसाठी बारीक भोक पाडताना ड्रिलच्या बिटाला खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळा. पितळ मऊ असतं, मुंडकं तुटतं. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडा, काढा, मग पितळी स्क्रूला साबण चोळून बसवा. मधला स्क्रू घट्ट. कडेचे वॉशर टेकेपर्यंत आवळून पाव फेरा मागे. आवळायचा मोह होतोच. तेव्हा अण्णा लांबून कन्नडात म्हणतात, "निधान, निधान." सावकाश.

खाचेत स्क्रू नेमका कुठे बसवायचा, हे मला दुसऱ्या पाटाच्या वेळी कळलं. पाट आठवतो तो सगळ्यांना श्रावणात, गणपतीच्या तोंडावर. त्या वेळी फळी सगळ्यात फुगलेली असते, इथून पुढे ती फक्त आकसणार. तेव्हा कडेचे स्क्रू खाचेच्या बाहेरच्या टोकाला बसवा, म्हणजे आत सरकायला जागा राहते. एप्रिल-मेमध्ये करत असाल तर उलट, आतल्या टोकाला. मार्गशीर्षात करत असाल, तर तुम्ही फार नियोजनबद्ध माणूस आहात. खाचेच्या मधोमध बसवा.

तेल

कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या मारा. पॉलिश पेपर ८०, १२०, २२०. काकांनी एका पाटावर व्हार्निशचे सहा हात दिले होते. गोकाकच्या खेळण्यातल्या लाकडी पेरूसारखा चकाकत होता, बसलं की घसरायला व्हायचं. पाण्याशी रोज गाठ पडणाऱ्या पाटाला उकळलेलं जवसाचं तेल बरं (ते 'बॉइल्ड' म्हणून तयार मिळतं, घरी उकळायचं नाही). पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्या, एक-दोन दिवस वाळू द्या, पावसाळ्यात जास्त. असे तीन हात. खालच्या बाजूलाही तेवढेच. एकच बाजू झाकली तर दुसरी ओल पिते आणि पाट वाकतो.

तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता कोंडून आग लागू शकते. पाण्यात बुडवा, नाहीतर अंगणात दगडावर पसरून वाळवा.

माझा दुसरा पाट श्रावणातच केला. पुढच्या वैशाखात तो उलटा करून बघितला. कडेचे चारही स्क्रू खाचेच्या बाहेरच्या टोकापासून आत सरकले होते, फळीला केसभरही चीर नव्हती. सरकणं प्रत्येकी एक मिलिमीटरच्या थोडं वर भरलं. ते व्हर्नियरनं मोजलं, हे अजून रविवारी कोणाला सांगितलेलं नाही.