घाटात बंद पडणारी पद्मिनी
माझ्या १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीला आधीच्या मालकाने शर्यतीच्या गाड्यांसारखा रुंद एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा तप्त धूर बाहेर नेणारा पाइप, बसवून घेतला होता. दिसायला देखणा, पण पेट्रोलची नळी त्याच्यापासून जेमतेम दोन बोटांवरून जात असल्यामुळे उन्हाळ्यात गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढताना गाडी हमखास बंद पडे आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके टाकल्यावरच पुन्हा सुरू होई. नळीत पेट्रोलची वाफ झाली की यांत्रिक पंपाला ते पुढे ढकलता येत नाही. दोष या उष्णतेचा होता, म्हणूनच कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) बदलण्याचा मिस्त्रींचा सल्ला मला पटला नाही. मी नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घेतली, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवले आणि पंपाच्या आड ॲल्युमिनियमचा पत्रा, हवा खेळेल इतकी फट राखून, बसवला. विजेवर चालणारा पंप लावणे सोपे होते, परंतु त्याची घरघर या गाडीला शोभत नाही. त्यानंतर मे महिन्यात भर दुपारी गाडी न थांबता घाट चढली.