तिने बोलायला सुरुवात करण्याआधी

अत्याचार झालेल्या बायकांच्या समुपदेशनाच्या कामात नव्याने आलेल्या मुली पहिल्याच आठवड्यात मला विचारतात, "मॅडम, 'तुझं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही' असं सांगू ना तिला?" मी म्हणते, नका सांगू. ते खरं नाही.

मीसुद्धा सुरुवातीला हेच सांगायचे. मग एका खटल्यात कोर्टाने माझी वही मागवली. वहीत मी त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं: "मी गेलेच नसते तर बरं झालं असतं, माझंच चुकलं." धक्क्यात असलेल्या किती जणी असं म्हणतात, हे आपल्याला माहीत असतं. आरोपीच्या वकिलाने नेमकी तेवढीच ओळ मला वाचायला लावली. "अक्षर तुमचंच ना?" अक्षर माझंच होतं. नंतर जिन्यात ती मला एवढंच म्हणाली, "अक्का, तुम्ही लिहून ठेवलं होतं?"

म्हणून आधी कायदा समजून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३२ नुसार अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. वकिलाच्या कारकुनालाही तेच बंधन. नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्यालाही संरक्षण आहे. समुपदेशकाला या यादीत जागा नाही. डॉक्टरलाही नाही. (ज्याच्याशी बाई मोकळेपणी बोलू शकत नाही त्या नवऱ्याला संरक्षण आणि जिच्याशी बोलते तिला नाही, यावर माझं मत मी इथे लिहीत नाही.) मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण सक्षम न्यायालयाचा आदेश आला की तोही थांबतो. थोडक्यात, शेजारणीपासून, सासूपासून, पत्रकारापासून गुपित राखणं हे आपलं कर्तव्य. न्यायाधीशापासून ते राखण्याचा अधिकार मात्र आपल्याकडे नाही.

हे तिला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं, तिने काही सांगण्याच्या आधी. मी साधारण असं बोलते: "ताई, तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही, तुझ्या घरच्यांनाही नाही. पण दोन गोष्टी आधीच ऐक. जिच्यावर अत्याचार झाला तिचं वय अठराच्या आत असेल तर मला पोलिसांना कळवावंच लागतं. आणि कोर्टाने विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. आता तुला वाटेल तेवढंच सांग." यावर काही जणी उठून जातात. जाऊ द्या. त्यातल्या बऱ्याच परत येतात, आणि आल्या की नीट बोलतात.

वयाबद्दल गफलत करू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवायचं आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलगी सतरा वर्षांची आणि "आमचं प्रेम आहे" म्हणत असली तरी हेच लागू. बाई सज्ञान असेल तर मात्र तक्रार करायची की नाही हे ती ठरवते, आपण नाही. फक्त दवाखान्याचं वेगळं आहे. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. तिला सिव्हिलला नेण्याआधी हे तिच्या कानावर घाला. तिथे पोलीस अचानक समोर उभा राहिला तर तिला वाटतं आपणच फसवलं.

आता सोलापूरचा खास प्रश्न. पूर्व भागातली विडी वळणारी बाई मनातलं तेलुगूतच बोलते, अक्कलकोटकडची कानडीत. दुभाषी म्हणून सोबत आलेल्या शेजारणीला बसवायचं नाही, कितीही घाई असली तरी. बसवलं की दुसऱ्या दिवशी विड्या द्यायला कारखान्याच्या ब्रँचवर गेलेल्या चाळीस बायकांना ते ठाऊक होतं. हे मी पाहिलंय. केंद्रातली भाषा येणारी कर्मचारी घ्या, तिच्याकडून गोपनीयतेचा कागद सही करून घ्या, आणि ती या बाईच्याच गल्लीतली तर नाही ना, हे आधी विचारा. आत चहा घेऊन येणाऱ्यालाही दार वाजवायची सवय लावा.

वही. फाइलवर नाव नाही, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद वेगळ्या कपाटात, कुलपात. बलात्कारपीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की नाव न देताही ओळख पटेल असा तपशील देता येत नाही. 'अमक्या कारखान्यातली, तमक्या गल्लीतली' एवढं सोलापुरात पुरतं.

आत काय लिहायचं? भेटीची तारीख, ती कशी होती (झोप, जेवण, भीती), आपण काय मदत केली, पुढची भेट. घटनेचा तपशील लिहू नका. तो नोंदवणं पोलिसांचं आणि दंडाधिकाऱ्यांचं काम. आपल्या नोंदीत वेळ अर्ध्या तासाने चुकली तरी उलटतपासणीत तीच धरली जाते. "माझंच चुकलं" असं ती म्हणाली, तर 'स्वतःला दोष देते, धक्क्यानंतर असं होतं, त्यावर बोललो' असं लिहा. खोटं काही लिहायचं नाही, पण सुटं वाक्यही मागे ठेवायचं नाही.

कागद मागायला हवालदार आला तर चहा द्या, फाइल देऊ नका. लेखी आदेश मागा. आदेश आला की एकही पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. तो स्वतंत्र गुन्हा होईल. आधी तिला कळवा, मग सरकारी वकिलांना भेटा. संबंधित तेवढाच भाग बंद पाकिटात घ्यावा, अशी लेखी विनंती कोर्टाला करता येते. मान्य होईलच असं नाही, पण करायची. खटला बंद दाराआड चालतो, आणि तिच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांवर प्रश्न विचारायला कायद्याने मनाई आहे, हेही तिला सांगून ठेवा.

खटल्याच्या गोष्टी, कोण साक्षीला येईल, काय आठवत नाही, हे सगळं तिने वकिलाशी बोलावं. तिथे ते सुरक्षित असतं. पैसे नसले तरी अडत नाही: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पीडितेला सरकारी आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच चालतो.

फोनबद्दल एवढंच, की व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्याशी घटनेबद्दल काही लिहू नका, आणि आपला नंबर ती कोणत्या नावाने सेव्ह करणार ते तिलाच विचारा. मी काही जणींच्या फोनमध्ये 'शिवणक्लास' आहे.

आणि बाहेर भेटली तर ओळख आपण दाखवायची नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत एक जण सासूबरोबर समोरून आली. मी बांगड्यांच्या दुकानाकडे तोंड फिरवलं. तीच जवळ आली, "सासूबाई, या आमच्या शिवणक्लासच्या बाई." सासूने मला विचारलं, ब्लाऊजची शिलाई किती घेता?