जुन्या मारुती ८०० चे मागचे ड्रम ब्रेक घरी कसे दुरुस्त करावेत

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी या गाड्या आजही गावोगावी धावताना दिसतात आणि त्यांचे मागचे ड्रम ब्रेक घरच्या घरी उघडण्याचा उत्साह अनेकांना असतो. काम जमण्यासारखे आहे. मात्र त्यातला बहुतेक वेळ नवे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) बसवण्यात जात नाही, तो गंजून धरलेले भाग सोडवण्यात जातो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हवीच असेल, तर हे काम हाती घेऊ नये.

तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करावी. ब्रेक पाइपचा नट, एअर काढण्याचा निपल (ब्रेकच्या पाइपांतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी) आणि हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, नट यांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, कारण या कामासाठी हँडब्रेक सोडावाच लागतो. जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय चाकाशी बसू नये. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मास्क हवा. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असल्यामुळे आतली काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. साबणाच्या पाण्याने भिजवून ती कापडाने टिपून घ्यावी.

पहिली खरी परीक्षा ड्रम निघण्याची. या गाडीत बेअरिंग ड्रममध्येच बसवलेले असते, म्हणून टोपी, स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी दुहेरी तारेची पिन) आणि नट काढल्यावर ड्रम ओढून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ड्रमच्या कडेला आतून एक कंगोरा तयार होतो आणि शू त्यातच अडकतात. अशा वेळी हँडब्रेकची केबल सैल करावी, शू आत घेता येत असतील तेवढे घ्यावेत आणि ड्रम पुलरने (ओढून काढण्याच्या अवजाराने) सावकाश ओढावा. ओतीव लोखंडावर मोठ्या हातोड्याने घाव घातले, तर ड्रमला तडा जातो किंवा बेअरिंग खराब होते. कोकणासारख्या दमट हवेत हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे शू ड्रमला गंजाने अक्षरशः चिकटतात. तिथे तेल, हलके ठोके आणि पुन्हा तेल, हाच मार्ग आहे.

ड्रम निघाल्यावर लगेच स्प्रिंगांना हात घालू नये. आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो घ्यावेत आणि एकावेळी एकच चाक उघडावे, म्हणजे दुसरे चाक नमुना म्हणून समोर राहते. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती, हुक शूच्या पुढून होता की मागून, हे फोटोशिवाय लक्षात राहत नाही. या काळात ब्रेकचे पेडल कोणीही दाबता कामा नये, नाहीतर व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात. सिलिंडरचे रबरी बूट अलगद उचलून आत पाहावे; तिथे ओल असेल तर सिलिंडर बदलावा. ब्रेक ऑइल प्यायलेले शू घासून परत वापरू नयेत, आणि नवे शू नेहमी दोन्ही चाकांना एकदमच घालावेत. ड्रमवर झिजेची कमाल मर्यादा कोरलेली असेल तर आतला व्यास मोजून तिच्याशी ताडून पाहावा.

पाइपचा नट साध्या पान्याने फिरवल्यास त्याचे कोपरे झिजतात, आणि मग पाइपच बदलावा लागतो. त्यासाठी फ्लेअर नटचाच पाना, म्हणजे नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा पाना, घ्यावा. नटाबरोबर पाइप पिळला जाऊ लागला, तर तिथेच थांबून गॅरेजची मदत घेणे शहाणपणाचे.

जोडणी करताना शूंच्या मागे असलेल्या पत्र्यावर शू जिथे टेकतात, तिथे उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. लायनिंगला मात्र त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. सगळे बसवूनही ड्रम चढत नाही, ही सर्वांत मोठी निराशा. कारणे बहुधा तीनच असतात: ॲडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) पूर्ण आत घेतलेला नसतो, हँडब्रेकची केबल ताणलेली असते, किंवा शूचे टोक पिस्टनच्या खाचेत नीट बसलेले नसते. ड्रम ठोकून चढवण्यापेक्षा या तीन जागा पुन्हा तपासाव्यात. हबच्या नटाला स्प्लिट पिन नवीच घालावी.

सिलिंडर बदलला असेल तर एअर काढणे अपरिहार्य आहे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा, आणि तो बंद झाल्याचे ऐकल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. टाकीतले ऑइल तळाला गेले तर पुन्हा हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. हे ऑइल रंग खाते, म्हणून बॉडीवर सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुवावेत. फार दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये, कारण ते हवेतली आर्द्रता शोषते.

गाडी स्टँडवर असतानाच पेडल अनेकदा दाबून पाहावे. ते टणक हवे. पाय दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गळती आहे असे समजून गाडी रस्त्यावर काढू नये. त्यानंतर मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही तपासावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांच्या आतल्या बाजूला ओल आली आहे का, हे पाहिल्यावरच गाडी रहदारीत न्यावी.