चट्टा दादचा की टीबीचा? घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय सांगायचं

इंदूरमध्ये अंगावर गोल चट्टा उठला की रामबाग असो नाहीतर राजेंद्रनगर, घरात एकच ऑर्डर सुटते, "दाद आहे, मेडिकलवरून ट्यूब आण." बहुतेकदा ते दादच, म्हणजे आपलं गजकर्ण, असतंही. पण कातडीचा टीबी या ट्यूबांच्या नादातच वर्षानुवर्षं लपून राहतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी विचारा, किती दिवस झाले आणि खाज आहे का. गजकर्ण जाम खाजतं, काही आठवड्यांत पसरतं, घरात अजून कोणालातरी असतं. टीबीचा चट्टा (याला ल्युपस व्हल्गॅरिस म्हणतात, आपल्याकडे मोठ्यांमध्ये हाच जास्त दिसतो) साधारण एकच असतो, दुखत नाही, फारसा खाजत नाही आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूहळू वाढतो. चेहऱ्यावर होतोच पण आपल्याकडे कुल्ल्यावर, मांडीवर, पायावर खूप दिसतो आणि ती जागा लोक लाजेपायी दाखवत नाहीत. नीट उजेडात बघा: एका बाजूने लालसर-तपकिरी कड पुढे सरकत असते आणि मागे पातळ, सुरकुतलेला व्रण राहतो, आणि त्या व्रणातच परत बारीक गाठी उठतात. ही खूण लक्षात ठेवाच. डॉक्टर वरून काच दाबून अ‍ॅपल जेलीसारखा पिवळट-तपकिरी रंग बघतात, पण सावळ्या कातडीवर तो नीट दिसत नाही, त्यामुळे नाही दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

दुसरा घोळ कुष्ठाचा. डोळे मिटायला सांगा आणि कापसाचं टोक चट्ट्यावर हलकेच लावा. कळलंच नाही, तिथे घाम येत नाही, केस गळलेत, तर कुष्ठाची तपासणी आधी. टीबीच्या चट्ट्यात स्पर्श कळतो. मात्र कुष्ठातही काही चट्ट्यांत, खासकरून चेहऱ्यावरच्या, स्पर्श शाबूत असू शकतो, म्हणून ही टेस्ट शेवटचा शब्द नाही.

सोरायसिसला चंदेरी खपल्या असतात आणि तो बहुधा दोन्ही कोपरांवर, दोन्ही गुडघ्यांवर असा जोडीने येतो. हातापायावर चामखिळीसारखा जाड खरखरीत चट्टा हळूहळू पसरत असेल तर टीबी असू शकतो, एक प्रकारची बुरशीही असू शकते, ते नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही.

लहान मुलांकडे वेगळं लक्ष द्या. मानेत गाठ आली, दुखत नाही, गरम नाही, मग मऊ होऊन फुटली, पातळ पू येतोय, कडा निळसर झाल्यात आणि अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही भरत नाही, तर ही गंडमाळ, म्हणजे खालच्या गाठीतला टीबी वर आलेला. काखेत असंच वाटलं तर बघा, दोन्ही काखांत, जांघेत दुखरे फोड परत परत येत असतील तर तो दुसराच आजार असू शकतो.

आता कळकळीने सांगते, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका. लाली दबते, बरं वाटतं, चट्ट्याचं रूप बदलतं आणि मग चांगल्या डॉक्टरलाही कळत नाही. लावली असेल तर नाव सांगा, तारीख घालून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत किंवा तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि बायोप्सी म्हटली की घाबरू नका, छोटासा तुकडा घेतात. एवढं मात्र आधीच विचारा की एक तुकडा कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) सलाइनमध्ये जाणार ना, कारण सगळाच फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) टाकला की जंतू मरतात आणि कल्चर होतच नाही. कातडीच्या टीबीत जंतू फार कमी असतात, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं होत नाही, डॉक्टर सगळं मिळून ठरवतात. छातीचा एक्स-रेही करून घ्या, कारण नुसत्या चट्ट्याला हात लावल्याने घरच्यांना सहसा लागण होत नाही, पण फुफ्फुसात टीबी असेल तर खोकल्यातून होते.

टीबी निघाला तर औषधं सरकारीत फुकट आहेत, साधारण 6 महिने, लघवी नारिंगी होते ती त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे, घाबरून गोळी सोडू नका. महिना-दीड महिन्यात चट्टा बसायला लागतो, तसं काहीच झालं नाही तर डॉक्टरांना निदान परत तपासायला सांगा.