जुने वाडे बघायला निघताय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर, बैलहोंगल, आपल्या भागात कुठल्याही जुन्या वाड्यात गेलं की घरचे लोक आधी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवतात. भिंतीवर ओळीनं तसबिरी असतात. मग पणजोबांची इनामं, त्यांचा घोडा, कोर्टातले दावे. तासाभरानं चहा घेऊन आपण उठतो आणि त्या घरातल्या एकाही बाईचं नाव वहीत आलेलं नसतं. सुरुवातीची कितीतरी घरं मी अशीच पाहिली. त्यातली काही आता उभीही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

चूक प्रश्नात असते. "घराचा इतिहास सांगा" म्हटलं की पुरुष बोलतात आणि बायका आत निघून जातात. त्यापेक्षा घरातल्या आजींना विचारा: चूल कुठं होती? जातं कुठं मांडलं होतं? बाळंतिणीची खोली कुठली? बाहेरचं असताना कुठं बसायचात? सांगता सांगता आजी उठून चालायला लागतात. माजघर, न्हाणी, परसू, परसातली विहीर असा मागचा अर्धा वाडा त्या पायाखालून नेऊन दाखवतात. तुळईखालच्या कोनाड्यात कुणाची फणी-करंड्याची पेटी असायची, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसतं. जात्यावरची ओवी आठवली तर अडवू नका, दुरुस्त करू नका, पूर्ण रेकॉर्ड करा. ओवीत भावाचं नाव येतं, माहेरच्या गावाचं येतं. कागदात ते सापडत नाही. लिंगायत घरात बोलणं बहुतेक कन्नडमध्येच होणार. मोडकंतोडकं का होईना, "निम्म तवरमनी याव ऊर?" (तुमचं माहेर कुठलं?) एवढं तरी विचारा. माहेर म्हटलं की अज्जींचा चेहराच बदलतो. आणि सकाळी स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नका, दुपारी तीननंतर जा.

नावाचा घोटाळा सगळ्यांत जास्त छळतो. एका बाईंची माहिती काढायला मी दोन महिने त्यांच्या माहेरच्या गावी फिरले, तर त्यांना कुणी ओळखेचना. मी सासरचं नाव घेऊन विचारत होते आणि गावाला त्या ठाऊक होत्या लहानपणीच्या नावानं. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलतं, हे मला माहीत असूनही सुचलं नव्हतं. आता मी चार गोष्टी लिहून घेते: माहेरचं नाव, माहेरचं गाव, सासरचं नाव आणि घरात हाक मारायचे ते नाव.

इतिहासातल्या बायकांचंही तसंच आहे. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाहून परतताना त्यांच्या फौजेशी झुंजलेली बेलवडीची देसाईण मराठी लेखनात सावित्रीबाई म्हणून येते, कन्नडमध्ये मल्लम्मा म्हणून. एकाच भाषेत शोधलं तर निम्मी माहिती हातची जाते. त्या प्रसंगाशी जोडलं जाणारं शिल्प यादवाडला आहे. पण यादवाड दोन आहेत, एक धारवाडजवळ आणि एक गोकाककडे. शिल्प धारवाडजवळच्या यादवाडात आहे. मोबाइलवरच्या नकाशावर भरवसा ठेवून निघाल तर दिवस वाया जाईल.

असाच एक गोंधळ कमळाचा. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती हे जैन मंदिर रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये बांधलं. त्याचं नाव छतातल्या दगडी कमळावरून पडलं. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर मात्र बाराव्या शतकातलं, आणि ते गोव्याच्या कदंबांच्या राणी कमलादेवीनं बांधवलं. तिथं नाव फुलाचं नाही, बाईचं आहे. लोक कित्तूरला राणी चन्नम्माचा पडका वाडा बघून परततात आणि एवढ्या जवळ असलेलं देगाव चुकवतात. चन्नम्माबद्दलही एक चूक वारंवार ऐकू येते, इंग्रजांनी तिला फाशी दिलं अशी. ती १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. फाशी झाली तिच्या फौजेतल्या संगोळ्ळी रायण्णाला, १८३१ मध्ये नंदगडला.

कागद मिळत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी बघा घर कुणाच्या राज्यात होतं. बेळगाव इंग्रजांकडे होतं, पण लगतचं शहापूर सांगली संस्थानात. शहापुरातल्या वाड्याचे जुने कागद बेळगावच्या दप्तरात शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. रामदुर्ग तर स्वतंत्र संस्थानच. संस्थानं विलीन झाल्यावरही हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच असल्यामुळे जुनं बरंचसं मोडीत मिळतं आणि पुढचं कन्नडमध्ये. मोडी वाचायला शिका, खरंच शिका. विधवेच्या पोटगीचा, दत्तक घेतल्याचा कागद सापडला तर त्यात बाईचं नाव हमखास असतं.

घराचं वय सांगताना घाई नको. कौलावर १८६५ दिसलं म्हणून घर १८६५ चं ठरत नाही. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना त्या साली काढला आणि ते साल पुढं कित्येक वर्षं कौलांवर छापलं जात होतं. भिंती कौलांपेक्षा जुन्या असू शकतात, नव्याही.

सोप्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीला "अस्सल रविवर्मा" म्हणू नका. ती बहुतेक छापील ओलिओग्राफ असते. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. भिंग लावलं की शाईचे ठिपके दिसतात, आणि खाली बारीक अक्षरात प्रेसचं नाव असतं. तरी तिची किंमत कमी होत नाही. काही तसबिरींत लक्ष्मीला जरीचे, टिकल्यांचे खरे कपडे चिकटवलेले असतात. ते काम बऱ्याचदा घरातल्या बायकांचं, म्हणून कुणी केलं ते जरूर विचारा. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, रंग काचेवर राहतो. फ्रेम न उघडता खिडकीच्या तिरक्या उजेडात फोटो घ्या. ओल्या फडक्यानं भिंतीवरची रंगचित्रं पुसू नका. पुसल्यावर क्षणभर ती छान उजळतात आणि मग कायमची पोपडे धरतात.

इरकल साडीवरची कसुती, म्हणजे इकडचं भरतकाम, बघताना उलटी बाजू बघायला विसरू नका. गवंती टाका दोन्हीकडून सारखा दिसतो आणि गाठ कुठंच नसते. मुरगी, नेयगी, मेंथी या बाकीच्या टाक्यांची नावंही त्या घरातूनच काढून घ्या. काहींना नाव येत नाही, हात मात्र बरोबर चालतो. अशी जुनी साडी घडी घालून ट्रंकेत परत ठेवू नका. धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळी करून ठेवायला सांगा.

गावाबाहेर एखादा सतीचा दगड दिसेल: कोपरात वाकलेला हात, त्यात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. त्यावर खडू किंवा पीठ चोळून फोटो काढणं थांबवा. संध्याकाळी बाजूनं टॉर्च मारा, उठाव आपोआप दिसतो.

आणि दसऱ्याच्या आधी एक फेरी जरूर मारा. साफसफाईत ट्रंका उघडतात, आणि पत्रं, हळदीकुंकवाच्या याद्या, आजींची दूध-तांदळाच्या हिशेबाची वही असं सगळं रद्दीत जातं. रद्दीवाला दारात यायच्या आधी तुम्ही तिथं असायला हवं.